दर्दी आणि गर्दी

कोणत्याही कलेच्या इतिहासांत एक क्षण असा येतो कीं, ज्या वेळीं तिच्या पहिल्या चाहत्यांस आनंद व्हावयास हवा, नेमकीं त्याच वेळीं त्यांचीं तोंडें उतरतात. जें गाणें काल दहा जण ऐकत होते, तें आज दहा हजार जण ऐकूं लागतात. आणि ते पहिले दहा जण एकमेकांकडे पाहून म्हणतात, ‘आतां यांत कांहीं राम राहिला नाहीं.’ वास्तविक सूर तेच असतात, ठेका तोच असतो, पुष्कळदां गाणाराही तोच असतो; बदललेली असते ती श्रोत्यांची संख्या. आपल्याकडे मैफलीच्या बोलींत या दोन पक्षांस ‘दर्दी’ आणि ‘गर्दी’ अशीं सुटसुटीत नांवें आहेत. हीं नांवें उच्चारणारा मनुष्य स्वतःस कोणत्या पक्षांत गणतो, हें सांगावयास नको.

हा तंटा जुनाच आहे. परंतु इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या चाहत्यांत तो जितक्या तीव्रतेनें चालतो, तितका दुसरीकडे क्वचितच चालत असेल. या संगीताचे जाणते म्हणवून घेणारे जे आहेत, त्यांच्या बोलण्यांत दोन शब्द वारंवार येतात. एक ‘अंडरग्राउंड’, म्हणजे जें थोड्यांस ठाऊक, आणि म्हणून अस्सल. दुसरा ‘मेनस्ट्रीम’, म्हणजे जें सर्वांस ठाऊक, आणि म्हणून बाटलेलें. या दुसऱ्या शब्दाच्या उच्चारांत आपल्या जुन्या सोंवळ्या-ओंवळ्याचा सूर ज्यास ऐकूं येत नाहीं, त्याचा कान फारसा तयार नाहीं असेंच म्हणावें लागेल. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं तरुण मंडळी हें संगीत ऐकतात. २००७ सालीं गोव्यांत कांदोळीच्या किनाऱ्यावर सुरू झालेला ‘सनबर्न’ महोत्सव २०१६ सालीं पुण्याजवळ केसनंद येथें भरला. तेव्हां हा विषय आतां परक्यांचा राहिलेला नाहीं. म्हणून या दर्दी मंडळींचें नाक मुरडणें कलेचें रक्षण करतें, कीं केवळ नाक मुरडणाऱ्याच्या मोठेपणाचें, या प्रश्नाचा येथें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम या संगीताचें स्वरूप थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. कारण तें कळल्याशिवाय त्याच्या रसिकांचा अभिमानही कळणार नाहीं आणि अहंकारही कळणार नाहीं. दर मिनिटास सुमारें १२० ते १३० ठोके, चार-चार ठोक्यांचीं आवर्तनें, यंत्रावर बांधलेला अविचल ठेका, त्याखालीं छातींत घुमणारा खर्ज, आणि या दोहोंवर हळूहळू उमलणारे व मिटणारे सूर, अशी त्याची सर्वसाधारण बांधणी असते. डीजे हा नुसता तबकड्या लावणारा गडी नसतो. एका तबकडीचा शेवट आणि दुसरीचा आरंभ यांची लय तो अशा रीतीनें जुळवितो कीं, सांधा कोठें आला हें नाचणाऱ्यास कळूं नये. आणि असे सांधे जुळवीत जुळवीत तो चार-चार, सहा-सहा तासांची एक अखंड बांधणी उभी करतो. ज्यानें ख्यालाची बढत ऐकली आहे, त्यास या संगीताचा संथपणा समजण्यास जड जाऊं नये. तीन मिनिटांचें गाणें म्हणून ऐकल्यास तें कंटाळवाणें वाटतें. रात्रभराचा प्रवास म्हणून ऐकल्यास त्यांत एकाद्या नव्या झांजेचा प्रवेश हीसुद्धां एक घटना होते.

यावरून दर्दी मंडळींच्या म्हणण्यांत सत्याचा अंश आहे हें उघड होतें. या संगीताला वेळ लागतो, थोडा अंधार लागतो, खर्ज स्वच्छ ऐकूं येईल अशीं ध्वनिवर्धक यंत्रें लागतात, आणि शेजारचा मनुष्य आपल्याकडे टक लावून पाहत नाहीं असा विश्वास लागतो. पन्नास हजारांच्या मैदानांत, एकेका डीजेस एक-एक तास वांटून दिलेला असतां, यांपैकीं बहुतेक गोष्टी दुर्मिळ होतात. छोट्या दिवाणखान्यांतली बैठक तंबूंत नेली म्हणजे तिचें कांहीं तरी हरवतें, ही तक्रार खोटी नाहीं.

सत्याचा दुसरा अंश इतिहासाचा आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. १९७७ सालीं अमेरिकेंतील शिकागो शहरांत ‘वेअरहाउस’ नांवाचा एक क्लब सुरू झाला. तेथें येणारे बहुतेक कृष्णवर्णीय व लॅटिन-अमेरिकन तरुण असत, आणि त्यांतले बरेचसे समलिंगी असत. म्हणजे इतर नृत्यगृहांच्या दारांवर ज्यांचें स्वागत होत नसे, अशी ही मंडळी. फ्रँकी नकल्स हा तेथें तबकड्या लावीत असे, आणि या क्लबाच्या नांवावरूनच पुढें त्या संगीतास ‘हाउस’ हें नांव पडलें. दोनच वर्षांनीं, १२ जुलै १९७९ रोजीं, त्याच शहरांतील कॉमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर एक विलक्षण प्रकार घडला. स्टीव्ह डाल या रेडिओवरील निवेदकाच्या पुढाकारानें लोकांस असें आवाहन करण्यांत आलें कीं, डिस्को संगीताची एक तबकडी घेऊन या आणि अवघ्या ९८ सेंटांत आंत येऊन सामने पाहा. दोन सामन्यांच्या मधल्या वेळांत त्या तबकड्यांचा ढीग स्फोटकें लावून उडविण्यांत आला; हजारो प्रेक्षक मैदानांत घुसले; आणि दुसरा सामना होऊंच शकला नाहीं. व्हिन्स लॉरेन्स हा कृष्णवर्णीय तरुण त्या दिवशीं मैदानावर प्रेक्षकांस जागा दाखविण्याच्या कामावर होता. पुढें तो हाउस संगीताच्या आद्य कर्त्यांत गणला गेला. त्यानें नंतर सांगितलें आहे कीं, लोकांनीं आणलेल्या तबकड्यांत डिस्कोशीं कांहींएक संबंध नसलेल्या कृष्णवर्णीय गायकांच्याही तबकड्या होत्या. गर्दीचा राग केवळ एका प्रकारच्या गाण्यावर नव्हता, हें त्यावरून दिसतें.

ज्या साधनांवर हें संगीत उभें राहिलें, तींही बाजारानें टाकलेलींच होतीं. एकट्या गिटारवाल्यास खर्जाची साथ मिळावी म्हणून रोलंड या जपानी कंपनीनें काढलेलें टीबी-३०३ हें यंत्र त्या कामीं साफ फसलें. १९८४ सालीं त्याचें उत्पादन बंद पडलें, आणि जुन्या बाजारांत तें मातीमोलानें मिळूं लागलें. शिकागोंतील ‘फ्युचर’ या तिघा तरुणांच्या मंडळीनें त्याच्या खुंट्या वाटेल तशा पिळून त्यांतून एक चिरकणारा, वळवळणारा, पूर्वीं कोणीं न ऐकलेला नाद काढला. आणि १९८७ सालीं ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही तबकडी प्रसिद्ध केली. टाकलेल्या माणसांनीं टाकलेल्या यंत्रांतून जें निर्माण केलें, त्याविषयीं त्यांस ममत्व वाटावें, आणि ज्या गर्दीनें काल आपल्या तबकड्या उडविल्या तिच्याविषयीं संशय वाटावा, यांत गैर काय आहे? या मुळारंभींच्या संशयास आम्ही अहंकार म्हणत नाहीं. तो स्वसंरक्षणाचा धर्म होता.

परंतु याच इतिहासाचें पुढचें पान उलटलें म्हणजे चित्र पालटतें. १९८७ च्या उन्हाळ्यांत डॅनी रॅम्पलिंग, पॉल ओकनफोल्ड इत्यादि कांहीं इंग्रज तरुण स्पेनच्या ताब्यांतील इबिझा बेटावर गेले, तेथील मोकळ्या रात्रींनीं भारून परत आले, आणि त्या वर्षाच्या अखेरीस रॅम्पलिंग यानें लंडनमध्यें ‘शूम’ नांवाचा छोटा क्लब उघडला. १९८८ च्या उन्हाळ्यापर्यंत हें वेड देशभर पसरलें. मादक गोळ्यांचा उपसर्गही त्याबरोबर पसरला, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. ‘द सन’ या खपाच्या वृत्तपत्रानें प्रथम या संगीताच्या हंसऱ्या पिवळ्या चेहऱ्याचे शर्ट वाचकांस देऊं केले, आणि थोड्याच दिवसांत उलटून त्याच संगीताविरुद्ध काहूर उठविलें. या गडबडींत जे नवे तरुण क्लबांच्या दारांशीं येऊं लागले, त्यांस पहिल्या मंडळींनीं ‘अ‍ॅसिड टेड’ असें हिणकस नांव ठेविलें. हे पहिले म्हणविणारे तरी केवढे जुने होते? वर्षापूर्वीं त्यांतल्या बहुतेकांस या संगीताचा गंधही नव्हता. आणि ज्यांनीं तें शिकागोंत निर्माण केलें, त्यांच्या हिशेबीं तर हे स्वतःच मागाहून आलेले पाहुणे होते. पण पंक्तींत अगोदर बसलेला मनुष्य मागून येणाऱ्याकडे कसा पाहतो, हें आपल्याकडील लग्नांत जेवलेल्या कोणासही सांगावयास नको.

या प्रकाराची सर्वांत बारकाईनें तपासणी सारा थॉर्नटन या समाजशास्त्रज्ञ विदुषीनें केली आहे. तिचें ‘क्लब कल्चर्स’ हें पुस्तक १९९५ सालीं प्रसिद्ध झालें. फ्रान्समधील पिएर बूर्दिय यानें १९७९ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथांत असें दाखविलें होतें कीं, अभिरुचि ही एक प्रकारची पुंजी आहे; घरांतून व शाळेंतून मिळालेल्या तिच्या जोरावर वरचे वर्ग आपलें वरचेपण टिकवितात. थॉर्नटनबाईंनीं हाच विचार नृत्यगृहांस लावला. ज्या तरुणाजवळ धन नाहीं व पदवी नाहीं, तोही एक पुंजी सांठवूं शकतो: कोणती तबकडी केव्हां निघाली, कोणता क्लब केव्हां ‘संपला’, कोणता शब्द आतां बोलूं नये, याचें ज्ञान. परंतु या पुंजीचा एक गुण असा कीं, ती सर्वांस वांटली म्हणजे तिचें मोल शून्य होतें. म्हणून तिच्या मालकास नेहमीं असा कोणी तरी लागतो कीं, ज्याजवळ ती नाहीं. हा ‘कोणी तरी’ म्हणजेच मेनस्ट्रीम.

बाईंच्या निरीक्षणांतील अत्यंत मार्मिक भाग यापुढचा आहे. सर्व जण ज्याच्या नांवानें बोटें मोडतात, तो मुख्य प्रवाह शोधूं गेल्यास सांपडत नाहीं. ज्या क्लबास एक जण अगदीं सामान्य म्हणून हिणवितो, तेथें जाऊन विचारलें तर तेथला मनुष्य आणखी तिसऱ्याकडे बोट दाखवितो. मात्र बोट दाखविणाऱ्यांच्या मनांत त्या सामान्य मनुष्याचें एक चित्र ठरलेलें असे; आणि इंग्लंडांत त्या चित्राला नांवेंही होतीं, शॅरन आणि ट्रेसी. या दोन कल्पित मुली कामगार वर्गांतल्या; त्या आपल्या हातपिशव्या जमिनीवर ठेवून त्यांच्या भोंवतीं नाचतात, म्हणून त्यांची टवाळी. पुढें लोकांस सहज आवडेल अशा एका गोड चालीच्या उपप्रकारास ‘हँडबॅग हाउस’ असें नांवच पडलें. आमच्या वाचक भगिनी सहज सांगतील कीं, नाचावयास गेलेल्या मुलीनें पैसे आणि घरची किल्ली असलेली पिशवी डोळ्यांसमोर ठेवावी, यांत अरसिकतेचा संबंध कोठें येतो? परंतु टवाळी करणाऱ्यांस पिशवीशीं कर्तव्य नव्हतें. त्यांस ती पिशवी धरणारी मुलगी नको होती.

येथें आमच्या मतें या सर्व वादाचें मर्म सांपडतें. दर्दी म्हणतो कीं, माझा आक्षेप संगीताच्या हिणकसपणास आहे. परंतु तो आक्षेप शेवटीं जाऊन पडतो तो विशिष्ट माणसांवर, आणि तीं माणसें बहुधा तींच असतात कीं, ज्यांस समाजानें अगोदरच खालीं बसविलें आहे. हा प्रकार लंडनपुरता असता तर कदाचित् त्याकडे दुर्लक्ष करतां आलें असतें. पण तो आपल्या शेजारीं, गोव्याच्या किनाऱ्यावरही घडला आहे.

कॅलिफोर्नियाहून १९७० सालीं गोव्यांत आलेला आणि पुढें ‘गोवा गिल’ या नांवानें प्रसिद्ध पावलेला डीजे हणजुणच्या किनाऱ्यावर रात्रभर वाजवीत असे. २०२३ सालीं तो वारला. त्याच्या व त्याच्यासारख्या इतर पाश्चात्त्यांच्या मेळाव्यांतून १९९० नंतरच्या वर्षांत ‘गोवा ट्रान्स’ हा प्रकार नांवारूपास आला. १९९४ च्या डिसेंबरांत पॉल ओकनफोल्ड यानें बीबीसीवर ‘गोवा मिक्स’ म्हणून एक दीर्घ कार्यक्रम सादर केला, तेव्हांपासून तर गोव्याचें नांव युरोपांतील नाचणाऱ्यांच्या तोंडीं बसलें. परंतु ज्या भूमीचें नांव या संगीतानें घेतलें, तेथील माणसांस त्यांत जागा कोणती होती? अरुण सल्दान्हा या भूगोलशास्त्रज्ञानें हणजुणांत राहून या मेळाव्यांचा अभ्यास केला, आणि २००७ सालीं ‘सायकेडेलिक व्हाइट’ हें पुस्तक लिहिलें. त्यांत त्यानें दाखविलें आहे कीं, रात्रीं मुंबई-बंगलोरकडून आलेले भारतीय प्रवासीही नाचत असत. पण पहांट फुटूं लागली म्हणजे किनाऱ्यावर मुरलेले गोरे लोक नाचाच्या जागेवर येत, आणि हळूहळू ती जागा त्यांचीच होऊन जाई. कोणी कोणास ‘चालते व्हा’ म्हणत नसे. पोषाख, नाचण्याची ढब, डोळ्यांतील थंडपणा, यांनींच तें काम होई. जे प्रेमाच्या व ऐक्याच्या गोष्टी बोलत, तेच भारतीय प्रवाशास भारताच्याच किनाऱ्यावर उपरा ठरवीत. शॅरन-ट्रेसीच्या जागीं येथें मुंबईचा किंवा पुण्याचा सुटीवर आलेला तरुण उभा राहिला, इतकाच फरक.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, आम्ही गर्दीचे वकील झालों आहों. तसें मुळींच नाहीं. गर्दीचें पापही लहानसहान नाहीं, आणि तें पाप व्यापाऱ्यांच्या हातून होतें. २०१० नंतरच्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेंतील करमणुकीच्या धंद्यानें या सर्व संगीतास ‘ईडीएम’ असें तीन अक्षरी नांव देऊन तें एकादी नवी वस्तु बाजारांत आणावी तसें विकावयास काढिलें. शिकागो व डेट्रॉइट येथें ज्याचा जन्म झाला, तेंच संगीत तेथल्याच देशांतील तरुणांस युरोपांतून आलेली नवलाई म्हणून ऐकविण्यांत आलें, आणि मूळ कर्त्यांचीं नांवें बहुतेकांच्या कानांवर पडलींच नाहींत. याच लाटेवर उभी राहिलेली ‘एसएफएक्स’ ही कंपनी महोत्सवांमागून महोत्सव विकत घेत सुटली, १९१३ च्या सुमारास जसे गिरण्यांचे भाग विकले जात तसे तिनें २०१३ सालीं आपले भाग बाजारांत विकावयास काढिले, आणि २०१६ च्या फेब्रुवारींत तिनें दिवाळें काढिलें.

संगीतावरही या घाईचा परिणाम झाला. ठेका थांबवावयाचा, सुरांचा ताण चढवीत न्यावयाचा, आणि मग एकदम खर्जासह ठेका खालीं आणून आदळावयाचा, या युक्तीस ‘ड्रॉप’ म्हणतात. युक्ति जुनी आहे आणि योग्य वेळीं आली तर अंगावर कांटा आणणारी आहे. परंतु दर दोन मिनिटांनीं ती आली म्हणजे, कीर्तनकारानें पूर्वरंग वगळून दर घटकेस नुसती आरतीच करावी, तसें होतें. लोकांचे हात वर जातात खरे. पण ते आनंदानें गेले कीं संवयीनें, हें सांगतां येत नाहीं.

याहून वाईट गोष्ट म्हणजे कर्त्याचा हक्क बुडणें. डेट्रॉइटची ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’ ही मंडळी मोठ्या कंपन्यांपासून बुद्ध्या दूर राहिलेली. १९९९ सालीं तिच्याकडून डीजे रोलांडो याची ‘जॅग्वार’ ही सुंदर रचना बाहेर पडली व गाजली. तेव्हां सोनी कंपनीच्या जर्मन शाखेनें संमतीशिवाय तिची सुरावट उचलून हुबेहूब नक्कल बाजारांत आणण्याचा घाट घातला. त्या वेळीं जगभरच्या चाहत्यांनीं निषेधाची मोहीम उघडली. ही मोहीम उघडणारे लोक कोण होते? तेच, कोणती तबकडी कोणाची हें तोंडपाठ असणारे, चिकित्सक दर्दी. त्यांची स्मरणशक्ति नसती तर ही चोरी ओळखलीच कोणीं असती? तेव्हां दर्दीचें ज्ञान ही फुकट मिरविण्याची वस्तु आहे, असें आम्ही कदापि म्हणणार नाहीं.

शिवाय सोंवळें फक्त दर्दीच पाळतात असेंही नाहीं. २०१३ च्या मार्चमध्यें मायामी येथील ‘अल्ट्रा’ महोत्सवांत स्वीडनचा लोकप्रिय डीजे अ‍ॅव्हिची यानें आपल्या कार्यक्रमांत अमेरिकन ग्रामीण ढंगाचे गायक-वादक रंगभूमीवर आणले, तेव्हां हातांत पंचतंतु बॅन्जो पाहून तोच प्रचंड समुदाय गोंधळला व चिडला. त्याच प्रयोगांतील ‘वेक मी अप’ हें गाणें थोड्याच महिन्यांत अनेक देशांत पहिल्या क्रमांकावर पोंचलें. म्हणजे गर्दीलाही आपली परंपरा असते, आपली शुद्धाशुद्धता असते, आणि ती मोडली कीं तीही नाक मुरडते. हा अ‍ॅव्हिची २०१८ सालीं अवघा २८ वर्षांचा असतां मस्कत येथें मरण पावला. जाणते त्याला क्षुद्र म्हणत, आणि चाहते त्याच्याकडून तेंच तें मागत. या दोहोंच्या मधें एक सुरावटींचा खरा हात असलेला मुलगा उभा होता, हें दोन्ही पक्षांपैकीं थोड्यांनींच पाहिलें.

लोकप्रियता आणि अस्सलपणा हीं दोन विरुद्ध टोंकें मानणाऱ्यांस निरुत्तर करणारें एक उदाहरण आमच्या मुंबईचेंच आहे. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे वादक होते; म्हणजे ज्याहून अधिक लोकप्रिय संगीत या देशांत नाहीं, त्याचे ते सेवक. १९८२ सालीं त्यांनीं भैरव, ललत, यमन, मालकंस इत्यादि दहा राग सिंथेसायझरवर डिस्कोच्या ठेक्यांत बसवून एक तबकडी एचएमव्हीकडून काढविली. हेतु सरळ होता: डिस्कोची चलती आहे, लोकांस आवडेल. साधनें कोणतीं? तेंच टीबी-३०३ आणि त्याचेंच भावंड टीआर-८०८ हें यांत्रिक तालवाद्य. तबकडी खपली नाहीं. पुढें एका डच संग्राहकास ती सांपडली, आणि २०१० सालीं हॉलंडमधून ती पुन्हां प्रसिद्ध झाली. तेव्हां युरोपांतील जाणत्यांनीं ती डोक्यावर घेतली, कारण ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ या तबकडीच्या पांच वर्षें आधीं तिच्यांत तोच नाद ऐकूं येत होता. सिंग २०१५ सालीं वारले. आतां या तबकडीस काय म्हणावें? ती गर्दीसाठीं केली होती. गर्दीनें ती घेतली नाहीं. आणि गर्दीनें घेतली नाहीं, म्हणूनच दर्दींस ती दुर्मिळ रत्न वाटली. तीच १९८२ सालीं घरोघरीं वाजली असती, तर या जाणत्यांनीं तिला एक स्वस्त नवलाई म्हणून बाजूस सारली नसती कशावरून? यमन दोन्ही परिस्थितींत यमनच राहिला असता.

दाराच्या प्रश्नाचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाहीं. आणि दारासाठीं प्रसिद्ध असें शहर म्हणजे बर्लिन. १९८९ सालीं तेथें ‘लव्ह परेड’ ही नाचणाऱ्यांची मिरवणूक सुमारें दीडशें माणसांनिशीं निघाली. दहा वर्षांनीं तिचा आंकडा पंधरा लाखांपर्यंत सांगितला जाऊं लागला. आणि २०१० सालीं ड्युइसबुर्ग शहरीं ती भरली असतां चेंगराचेंगरींत २१ जण मृत्युमुखीं पडले, तेव्हां ती कायमची बंद झाली. याच बर्लिनमध्यें २००४ सालीं उघडलेल्या ‘बेर्गहाइन’ या क्लबाच्या दारावर तासन्‌तास रांगेंत उभें राहून कित्येक जण कारण न सांगतां परत पाठविले जातात. दर्दी याचें समर्थन करतात. आणि त्या समर्थनांतही तथ्य आहे. हा क्लब मूळचा समलिंगी लोकांच्या मेळाव्यांतून वाढलेला; बघ्यांची झुंबड आंत शिरली, तर ज्यांच्यासाठीं तो आहे त्यांनींच संकोचून बाहेर पडावें, अशी वेळ येईल. अशा माणसांस निवारा मिळावा म्हणून दारावर कोणी उभें राहत असेल, तर त्यास आमचा नमस्कार आहे.

परंतु तेंच दार पुढें स्वतःच एक प्रतिष्ठा होऊन बसतें, आणि आंत गेल्याची गोष्ट आंत ऐकलेल्या संगीतापेक्षां अधिक वेळां सांगितली जाते. २०१६ सालीं तेथील न्यायालयानें बेर्गहाइनचे कार्यक्रम संगीताच्या मैफलींप्रमाणें मानून त्यांस कराची सवलतीची पायरी लावली. आणि २०२४ सालीं बर्लिनची टेक्नो-परंपरा जर्मनीच्या सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादींत नोंदली गेली. सरकारदरबारीं मान्यता मिळालेली ही वस्तु अजूनही स्वतःस ‘भूमिगत’ म्हणवून घेते, याची मौज वाटते. जिला कायद्याचें, करखात्याचें व राष्ट्राचें छत्र मिळालें, तिनें वेअरहाउसमधील निराधार तरुणांच्या नांवानें दार लावून घेणें कितपत शोभतें, हा प्रश्न तरी तिनें स्वतःस विचारावा.

तर मग निकष कोणता? आमच्या मतें ऐकणाऱ्यांची संख्या हा निकष दोन्ही बाजूंनीं टाकून द्यावा. लाखांनीं ऐकलें म्हणून गाणें चांगलें ठरत नाहीं, हें दर्दी बरोबर सांगतात. पण शंभरांनींच ऐकलें म्हणून तें चांगलें ठरतें, ही त्याच चुकीची दुसरी बाजू आहे. त्याऐवजीं तीन प्रश्न विचारावे. हें संगीत ऐकणाऱ्याकडून कांहीं मागतें, कीं ठराविक खुणेवर हात वर करण्यापलीकडे त्याच्याकडून कांहींच अपेक्षीत नाहीं? तें ज्यांनीं निर्माण केलें, त्यांचें नांव व मोल त्यांस मिळतें काय? आणि त्याच्या दारावर जो अडविला जातो, तो दुसऱ्यास त्रास देईल म्हणून अडविला जातो, कीं केवळ तो आपल्यांतला दिसत नाहीं म्हणून? या तीन प्रश्नांवर पुष्कळ ‘मेनस्ट्रीम’ रचना उत्तीर्ण होतील, आणि पुष्कळ ‘अंडरग्राउंड’ मंडळी नापास होतील.

आमचें दर्दींशीं भांडण त्यांच्या ज्ञानाबद्दल नाहीं. त्या ज्ञानाच्या विनियोगाबद्दल आहे. ज्या शिकागो शहरांत १९७९ सालीं तबकड्या उडविल्या गेल्या, त्याच शहरानें २००४ सालीं वेअरहाउसजवळच्या रस्त्यास फ्रँकी नकल्सचें नांव दिलें. पंचवीस वर्षांत हा पालट झाला, याचें कारण मधल्या काळांत असंख्य अनोळखी माणसांनीं तें संगीत ऐकलें, आणि त्यांतल्या कांहींनीं तें कोठून आलें याची चौकशी केली. चौकशी करणाऱ्यास उत्तर देणारे जाणते भेटले, म्हणून तें नांव आज रस्त्यावर आहे. जे हिणवून परत पाठविले गेले, त्यांच्याकरवीं तें झालें नसतें. महोत्सवांत हात वर करून उड्या मारणारा पुण्याचा मुलगा उद्यां चरणजित सिंगांची तबकडी शोधील कीं नाहीं, हें त्यास पहिला भेटलेला दर्दी त्याच्याशीं कसा बोलतो, यावर पुष्कळसें अवलंबून आहे. ज्यांस हें संगीत खरोखर प्रिय आहे, त्यांनीं दारांतून बाजूस व्हावें, आणि नव्या पाहुण्यास शेजारीं जागा करून देऊन कोणता ठेका कोठून आला, तें त्यास सांगावें, इतकीच आमची विनंति आहे.